विश्लेषण : पाऊस आला की टीव्ही का ‘जातो’? छतावरच्या छत्रीचा सिग्नल कसा सुधारावा?

मृगाची पहिली सर कोसळते, पत्र्यावर ताशा वाजू लागतो आणि दहा मिनिटांत टीव्हीवरच्या निवेदकाचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो. मग आवाज तुटतो आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. पाऊस थांबल्यावर चित्र परत आले तर ठीक. पण अनेक घरांत ते परत येत नाही, किंवा येते आणि रोज संध्याकाळी जाते. ‘बॉक्स गेला’ असा निष्कर्ष निघतो, नवा बॉक्स आणला जातो आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होते.

प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. म्हणूनच ज्या घरांना महिन्याचा खर्च परवडत नाही, तिथे हीच छत्री बातम्या, मालिका, शेतीविषयक कार्यक्रम आणि शालेय वाहिन्यांचा आधार असते. अशा घराने विनाकारण बॉक्स, बूस्टर किंवा नवी छत्री घेणे म्हणजे फुकटच्या सेवेसाठी भुर्दंड भरणे. बऱ्याचदा दोष बॉक्समध्ये नसून आकाश आणि बॉक्स यांच्या मधल्या वाटेत असतो. ती वाट कशी तपासायची, याचा हा आढावा.

जुना अँटेना आणि आजची छत्री यात फरक काय?

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यातून येई. मुंबईत वरळीचा, पुण्याजवळ सिंहगडावरचा मनोरा सर्वांच्या ओळखीचा. घरावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना त्या मनोऱ्याकडे वळवायचा, एकाने गच्चीवर उभे राहायचे आणि दुसऱ्याने खालून ‘आता दिसतंय’ म्हणून ओरडायचे, हा घरोघरीचा कार्यक्रम होता. तो अँटेना थोडा चुकला तरी मुंग्या-मुंग्यांचे का होईना, चित्र दिसे.

जमिनीवरून होणारे हे ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने गुंडाळले. मार्च २०२२ पर्यंत मोजकी, प्रामुख्याने सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता ते बंद करण्यात आले. त्यामुळे जुना काड्यांचा अँटेना कितीही वळवला तरी आता उपयोग नाही. आजचा ‘मनोरा’ आकाशात आहे. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच तो फिरत असल्याने आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. म्हणूनच छत्री एकदा नीट बसवली की ती पुन्हा हलवावी लागू नये.

सिग्नल घरापर्यंत कसा पोहोचतो?

उपग्रहापासून महाराष्ट्रातल्या गच्चीपर्यंतचे अंतर सुमारे साडेछत्तीस हजार किलोमीटर आहे. इतक्या दुरून आलेला सिग्नल अत्यंत क्षीण असतो. छत्रीचे काम एवढेच, की आपल्या पृष्ठभागावर पडलेल्या लहरी एका बिंदूवर गोळा करायच्या. त्या बिंदूवर, पुढे आलेल्या दांडीच्या टोकाला, जो छोटा डबा असतो तो एलएनबी. तो सिग्नल वाढवतो आणि केबलमधून जाऊ शकेल अशा खालच्या वारंवारितेत बदलतो. त्याला लागणारी वीज बॉक्सकडून त्याच केबलमधून मिळते. म्हणजे एकच केबल सिग्नल खाली आणते आणि वीज वर नेते. केबलचा सांधा बिघडला तर दोन्ही कामे अडतात, हे लक्षात ठेवायला हवे.

चित्र स्वच्छ दिसते, मग सिग्नल कमकुवत कसा?

सर्वात मोठी फसगत इथे होते. ॲनालॉगच्या काळात सिग्नल जितका कमी तितके चित्र खराब दिसे, त्यामुळे पडदा पाहूनच अंदाज येई. डिजिटल सिग्नलचे तसे नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो आणि चित्र अगदी स्वच्छ दिसते. मर्यादा ओलांडली की चित्र एकदम फुटते. कड्याच्या टोकापासून चार पावले दूर उभा असलेला आणि चारशे पावले दूर उभा असलेला, दोघेही तोवर सुरक्षितच दिसतात. फरक धक्का बसल्यावर कळतो आणि पाऊस हा तो धक्का असतो. मे महिन्यात ‘एकदम क्लिअर’ दिसणारी छत्री जूनमध्ये दगा देते, ती यामुळे.

म्हणून पडदा न पाहता आकडा पाहावा. बॉक्सच्या मेनूमध्ये इन्स्टॉलेशन किंवा सिग्नल या नावाने दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती ऊर्जा येते आहे. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी ही पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. क्वालिटी म्हणजे त्या ऊर्जेत हवा असलेला सिग्नल किती शुद्ध आहे. टीव्ही चालतो तो क्वालिटीवर. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर एलएनबीला वीज मिळते आहे, पण छत्री उपग्रहाकडे पाहत नाही किंवा वाटेत अडथळा आहे. दोन्ही शून्य असतील, तर संशय केबल, कनेक्टर किंवा एलएनबीवर घ्यावा.

गच्चीवर जाण्याआधी काय तपासावे?

पहिली तपासणी खोलीतच करावी. बॉक्सचा प्लग काढून केबल सोडवावी. बॉक्स चालू असताना केबल काढू-लावू नये, कारण तिच्यात एलएनबीसाठीची वीज असते. कनेक्टरमधून मधली तांब्याची तार सरळ आणि दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली हवी. तिच्यावर हिरवट थर असेल, तर पाणी आत शिरले आहे. बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतूही मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट होते आणि एलएनबीची वीज बंद पडते. खराब टोक कापून, केबल नव्याने सोलून, नवा कनेक्टर बसवणे हे काही मिनिटांचे आणि अगदी थोड्या पैशांचे काम आहे.

त्यानंतर केबलचा मार्ग पाहावा. दारात चेपलेली, खिळ्याने ठोकलेली, उंदराने कुरतडलेली किंवा मध्येच तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली केबल हमखास त्रास देते. अशा केबलसाठी आरजी-६ हा प्रकार वापरतात. तीस मीटर लांबीत त्यातही सिग्नलची शक्ती साधारण चौथाई किंवा त्याहून कमी उरते. एलएनबी ती तूट भरून काढतो, पण प्रत्येक वाईट जोड त्यात भर घालतो. त्यामुळे केबल अखंड आणि गरजेपुरतीच असावी. ती घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर वळवावी, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, भिंतीतून आत येत नाही.

छत्रीसमोर अडथळा आहे का, हे कसे ओळखावे?

छत्री बसवली तेव्हा नारळ किंवा शेवगा लहान होता, आता तो मोठा झाला. शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला. गच्चीवर नवी टाकी आली. छत्री न हलताही सिग्नल जाण्याची ही नेहमीची कारणे. पावसाळ्यात ओली, दाट झालेली पाने उन्हाळ्यातल्या विरळ फांद्यांपेक्षा जास्त सिग्नल अडवतात.

महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ५७ ते ६२ अंश उंच दिसतो. त्यावरून साधा हिशेब निघतो. आग्नेयेकडची वस्तू छत्रीपासून जितकी दूर, त्याच्या दीडपटीहून अधिक ती छत्रीपेक्षा उंच असेल, तर ती वाटेत येऊ शकते. झाड १० फूट दूर असेल, तर छत्रीच्या वर १५ फुटांपर्यंत ते चालते. त्यापुढे कापणी करावी किंवा छत्रीची जागा बदलावी.

याहून सोपी परीक्षा सूर्य करून देतो. दरवर्षी १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, महाराष्ट्रातून पाहता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर पूर्ण ऊन पडत असेल, तर वाट मोकळी आहे. फांदीची किंवा भिंतीची सावली पडत असेल, तर अडथळा तोच. याच दिवसांत काही मिनिटे सूर्याच्या रेडिओ लहरींमुळे सिग्नल आपोआप जातो आणि परत येतो. तो बिघाड नसतो. तेवढ्यासाठी छत्री हलवण्याची चूक करू नये.

दिशा नेमकी कशी लावावी?

आधी पाइप पाहावा. छत्री ज्या पाइपवर बसते तो ओळंब्यात, म्हणजे अगदी उभा हवा. पाइपच कलला असेल तर क्लॅम्पवरच्या अंशांच्या खुणांना अर्थ उरत नाही. गवंड्याचा ओळंबा नसेल, तर दोऱ्याला नट बांधूनही काम होते. पाइप दोन बाजूंनी तपासावा. वाऱ्याने, माकडांनी लटकल्याने किंवा त्याच पाइपला कपडे वाळत घालण्याची दोरी बांधल्याने तो हळूहळू झुकतो.

जीसॅट-१५ साठी काही शहरांचे अंदाजे कोन असे आहेत. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेली आहे, म्हणजे पूर्व ९० अंश आणि दक्षिण १८० अंश.

मुंबई : दिशा १३१ अंश, उंची ५८ अंश
पुणे : दिशा १३२, उंची ५९
नाशिक : दिशा १३४, उंची ५८
कोल्हापूर : दिशा १२९, उंची ६०
छत्रपती संभाजीनगर : दिशा १३६, उंची ५९
नागपूर : दिशा १४५, उंची ६०
पणजी : दिशा १२७, उंची ६१

दिशेसाठी मोबाइलमधले होकायंत्र पुरते, मात्र ते लोखंडी छत्री, सळ्या आणि पत्र्यापासून दूर धरावे, नाहीतर काटा फसतो. उंचीचा कोन क्लॅम्पवरच्या पट्टीवर लावावा, छत्रीच्या तोंडाकडे पाहून नव्हे. घरगुती छत्र्यांत एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री प्रत्यक्षात जिथे पाहते, त्यापेक्षा तिचे तोंड वीस-पंचवीस अंशांनी खाली झुकलेले दिसते. ‘उपग्रह एवढा उंच आहे’ म्हणून तिला आकाशाकडे उताणी करणे ही सर्रास होणारी चूक.

आता एकाने टीव्हीजवळ क्वालिटीचा आकडा वाचावा आणि दुसऱ्याने वर काम करावे. फोन जोडून ठेवला तर ओरडावे लागत नाही. नटबोल्ट पूर्ण सोडू नयेत, छत्री जेमतेम हलेल इतकेच सैल करावेत. आधी उंचीचा कोन लावून ठेवावा आणि छत्री आडवी, अगदी हळू फिरवावी. प्रत्येक हालचालीनंतर चार-पाच सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. भराभर फिरवणारा नेमकी जागा ओलांडून जातो. आकडा आला की तो वाढतो तोवर पुढे जावे, घसरू लागला की मागे यावे. मग हीच रीत वर-खाली करावी. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहावा. लहरींच्या कंपनाची दिशा आणि एलएनबी यांचा मेळ बसला की क्वालिटी आणखी वाढू शकते.

इतकी नाजूक हालचाल का हवी, याचे उत्तर गणितात आहे. ६० सेंटिमीटरची म्हणजे दोन फुटी छत्री साधारण तीन अंशांच्या अरुंद पट्ट्यातच नीट ‘पाहते’. ती दीड अंशाने वर-खाली झाली तर मिळणारी शक्ती जवळपास निम्मी होते. दीड अंश म्हणजे छत्रीची कड जेमतेम पाऊण सेंटिमीटर सरकणे. एक सैल नट एवढे नुकसान सहज करतो. म्हणून बोल्ट आवळतानाही आकड्यावर नजर ठेवावी, आळीपाळीने थोडे थोडे आवळावे. एक बोल्ट एकदम घट्ट केला की छत्री त्या बाजूला ओढली जाते.

मोठी छत्री किंवा बूस्टर घ्यावा का?

दोन फुटी छत्रीऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर गोळा होणारी शक्ती सव्वादोन पट होते. कोकण आणि घाटमाथ्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात हा खर्च सार्थकी लागतो. पण मोठी छत्री आणखी अरुंद पट्ट्यात पाहते आणि वारा जास्त पकडते, त्यामुळे तिला भक्कम पाइप आणि अधिक नेमकी दिशा लागते. चुकीच्या दिशेची मोठी छत्री ही नीट लावलेल्या लहान छत्रीपेक्षा वाईट.

केबलमध्ये लावायच्या बूस्टरचा उपयोग मर्यादित आहे. तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो. स्ट्रेंग्थची पट्टी फुगते, क्वालिटी तिथेच राहते. केबल फारच लांब असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

पावसापुढे उपाय किती?

फ्री डिशचा सिग्नल सुमारे ११ गिगाहर्ट्झचा, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या लहरींचा असतो. पावसाचे मोठे थेंब अशा लहरी शोषतात आणि विखुरतात. त्यामुळे ढगफुटीसारख्या पावसात उत्तम छत्रीचाही सिग्नल काही मिनिटे जाईल. ते टाळता येत नाही. पण रिमझिम पावसात किंवा नुसत्या ढगाळ हवेत टीव्ही जात असेल, तर दोष आकाशाचा नाही. तो छत्रीचा, जोडाचा किंवा एलएनबीचा आहे.

पाऊस थांबल्यावरही दोन-तीन तास सिग्नल येत नसेल, तर पाणी कुठेतरी आत गेले आहे. एलएनबीचे पुढचे प्लास्टिकचे झाकण तडकले आहे का, कनेक्टरवरची रबरी टोपी जागेवर आहे का, हे पाहावे. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत गावोगावी दिसते. पण तिच्या सुरकुत्यांत साचलेले पाणीच सिग्नल अडवते. पिशवीपेक्षा कनेक्टरवर पाणीरोधक टेप घट्ट गुंडाळलेली बरी.

सिग्नल चांगला, तरी वाहिन्या गायब?

अशा वेळी छत्रीला हात लावू नये. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात आणि त्यांचे स्थान बदलते. क्वालिटी ठीक असेल, तर मेनूतून वाहिन्यांचा पुन्हा शोध, म्हणजे रीस्कॅन करावा. शिवाय जुने एमपीईजी-२ बॉक्स नव्या एमपीईजी-४ पद्धतीच्या वाहिन्या दाखवू शकत नाहीत. शेजाऱ्याकडे दिसणारी वाहिनी आपल्याकडे दिसत नसेल, तर कारण छत्री नव्हे, बॉक्सची पिढी असू शकते. खासगी डीटीएच सेवांचे उपग्रह वेगळे असू शकतात, म्हणून शेजारची छत्री पाहून आपली वळवण्याआधी त्यांच्याकडे कोणती सेवा आहे हे विचारावे.

स्वतः करावे की कारागीर बोलवावा?

खोलीतली तपासणी, कनेक्टर बदलणे, रीस्कॅन आणि सपाट, कठडा असलेल्या गच्चीवरचे काम घरी करता येते. पत्र्याच्या किंवा कौलारू उताराच्या छपरावर, पाऊस-वाऱ्यात किंवा एकट्याने चढू नये. ओला पत्रा निसरडा असतो आणि गंजलेला पत्रा वजन पेलत नाही. लोखंडी पाइप उभा करताना जवळून विजेच्या तारा जात असतील, तर काम तिथेच थांबवावे. पाइपचा स्पर्श तारेला झाला तर जीव जातो. वळवाच्या पावसात आकाश गडगडू लागले, की गच्चीवर न जाता टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढावेत. छत्रीची केबलही गडगडाट सुरू होण्याआधीच सोडवून ठेवावी, वादळ डोक्यावर आल्यावर तिला हात लावू नये.

आणि सर्व नीट लागल्यावर एक छोटे काम उरते. कोरड्या, स्वच्छ दिवशी क्वालिटीचा आकडा पाहून तो तारखेसह बॉक्सच्या खाली चिकटवून ठेवावा. छत्रीच्या क्लॅम्पवर, पाइपवर आणि एलएनबीच्या पकडीवर मार्करने रेघा माराव्यात. पुढच्या वेळी टीव्ही गेला, की आकडा किती घसरला आणि रेघा जुळतात का, हे दोन मिनिटांत कळेल. रेघा जुळत असतील तर छत्री हललेली नाही. मग दोष केबलमध्ये, झाडात किंवा पावसात शोधावा. कारागीर बोलावला तरी तो काय बदलतो आहे आणि त्याने आकडा किती वाढला, हे विचारण्याचा आधार त्या चिकटवलेल्या कागदाने मिळतो.